चटईच्या बदल्यात

लोसा : हे डुकराचं पिल्लू परत ने, आत्या. मी काय सांगतेय ते ऐक.

माकेरिता : ऐकतेय की. पण आधी हे पडदे वर कर बघू. दिवसाढवळ्या झावळ्या खाली सोडून कोण बसतं? रस्त्यावरून वाटलं घरात मयत झालंय.

लोसा : उजेड सोसत नाही.

माकेरिता : बरं, मीच करते वर. हं. आता कसं, समुद्र दिसतोय. बोटं कशी आहेत आज?

लोसा : आहेत तशीच. केळ्यांसारखी सुजलेली. तू चालत आलीस एवढ्या लांब?

माकेरिता : काय करणार! बसवाला पिल्लू घेईना. म्हणतो, मावशी, तुम्ही चढा, ते मागनं पळत येईल. मी म्हटलं, तूच उतर, त्याला बसव, ते तुझ्यापेक्षा बरी गाडी चालवेल. ... एरवी हसली असतीस तू यावर.

लोसा : दमलेय, आत्या.

माकेरिता : मग पड. मी बसते इथेच.

लोसा : तू जा. थोड्या वेळात शंख वाजेल, प्रार्थनेच्या वेळी रस्त्यावर सापडलीस तर पोरं अडवतील. आणि हे घेऊन जा. मला बदल्यात काही नको. मी चटई तुला अशीच दिली.

माकेरिता : अशीच म्हणजे?

लोसा : अशीच. प्रेमाने.

माकेरिता : प्रेमाने तर सगळेच देतात. म्हणून काय बदल्यात काही घेत नाहीत? मी लग्न होऊन गेले तेव्हापासून तुमच्या घरातून चटई आली की आमच्या घरातून डुक्कर जातं, आमच्याकडून मासे आले की तुमच्याकडून अळकुड्या जातात. कधी कुणी कुणाला 'अशीच' म्हणालं नाही. माझी सासू मरायला टेकली होती तरी विचारत होती, त्यांच्या टोपल्या परत गेल्या का म्हणून. आणि तू म्हणतेस, अशीच.

लोसा : लहानशा गोष्टीचं केवढं करतेस!

माकेरिता : लहानशी? बारीक विणीची चटई लहानशी? दीड वर्ष बसली होतीस तू केवड्याची पात घेऊन. ही बघ, बरोबर आणलीय. दोन वीत विणायची राहिलीय, पिसांची किनार राहिलीय. अर्धी चटई कोण देतं गं कुणाला?

लोसा : मला पुरी करता येत नाही. तुला येते.

माकेरिता : मी मूर्ख, म्हणून घेतली. घेतली आणि महिला समितीतल्या सगळ्या बायकांना मिरवून दाखवली. भाचीने दिली, भाचीने दिली! पाद्रीबाईंनी तू त्यांना दिलेली चटई मिरवली. तुझ्या भावजयीच्या, वाइओलाच्या आईने तिची मिरवली. रविवारी पाद्रीसाहेब भर चर्चमध्ये म्हणाले, देणं म्हणजे काय ते लोसाकडून शिका. तुझा भाऊ तर एवढा फुगला होता की सदऱ्याचं बटण तुटतंय की काय वाटलं. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. आणि तू खाली मान घालून बसलेली. मला वाटलं, लाजतेय.

लोसा : आत्या, जा ना आता.

माकेरिता : काल तुझ्याकडे माणूस पाठवून विचारलं, पिल्लू कधी आणू. तू निरोप दिलास, आणू नको. तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. रात्रभर आढ्याकडे बघत पडले. देते आणि घेत नाही. देते आणि घेत नाही. टोपीसुद्धा दिलीस ना? रविवारची पांढरी टोपी?

लोसा : शेजारच्या पोरीकडे नव्हती.

माकेरिता : आणि तू काय डोक्यावर केळीचं पान ठेवून चर्चला जाणार होतीस? बोल. येत्या रविवारी काय घालणार होतीस? आणि वाइओला कुठाय?

लोसा : माहेरी.

माकेरिता : पोरं?

लोसा : तिच्याबरोबर. मीच म्हटलं, जाऊन ये दोन दिवस. राबते बिचारी.

माकेरिता : म्हणजे घर रिकामं केलंस, हात रिकामे केलेस आणि पडदे सोडून बसलीस. लोसा, माझ्याकडे बघ. मी सरळ विचारते. जीव द्यायचं डोक्यात आहे का तुझ्या?

लोसा : असं काय विचारतेस?

माकेरिता : नर्सबाई समितीत सांगून गेल्या होत्या. विचारल्याने कुणाला नवीन सुचत नाही, न विचारल्याने मात्र माणूस एकटं पडतं. मी अर्धा वेळ पेंगत होते, पण एवढं कानात राहिलं. आहे का?

लोसा : ...

माकेरिता : मी वाट बघते. मला घाई नाही. पिल्लालाही नाही.

लोसा : आहे.

माकेरिता : आज?

लोसा : आज. प्रार्थनेनंतर. ओरडू नकोस माझ्यावर.

माकेरिता : ओरडत नाहीये मी. हे बघ, रडतेय. थांब जरा. रडू दे मला.

लोसा : म्हणूनच कुणाला सांगायचं नव्हतं.

माकेरिता : आपल्या घरांना भिंती नाहीत, लोसा. कुणी शिंकलं तर चार घरं म्हणतात देव भलं करो. तुझ्या पानात काय वाढलंय ते मला वळणावरून दिसतं. आणि एवढी मोठी गोष्ट कुणाला दिसली नाही! काय जागा शोधलीस गं लपायला.

लोसा : लपले नाही. तुमच्या सगळ्यांच्या समोर बसून होते.

माकेरिता : हो. खरंय ते. ... ज्याने करणार होतीस ते कुठाय?

लोसा : कशाला?

माकेरिता : माझ्या हातात दे.

लोसा : आत्या, त्याने काय होणारेय? दुखणं तिथेच राहणार. सकाळी मला मूठ वळता येत नाही. वाइओला माझे केस विंचरते. शौचाला जायचं तर हात धरून नेते. परवा तिच्या धाकट्याने मला भरवलं, आणि तोंड पुसून म्हणाला, शहाणं बाळ. पाच वर्षांचं पोर! सगळे हसले. मीही हसले. त्या रात्री ठरवलं मी.

माकेरिता : दे.

लोसा : डॉक्टर म्हणाले, हा आमवात बरा होणारा नाही. जन्मभर. मी छत्तीस वर्षांची आहे. जन्मभर म्हणजे किती, ते तूच सांग.

माकेरिता : मला नाही माहीत. मला ह्यातलं काहीच माहीत नाही. बरं होईल म्हणत नाही मी तुला. मी फक्त म्हणतेय, ते माझ्या हातात दे. आजच्या दिवसापुरतं. मी तुझ्या बापाची बहीण आहे. आत्याचा शाप कसा लागतो ते गावात विचार.

लोसा : मरणाऱ्याला शापाची भीती घालतेस?

माकेरिता : दुसरं काही नाहीये ना माझ्याकडे. एक शाप आणि एक पिल्लू.

लोसा : ... उशीखाली. तांबड्या कापडात.

माकेरिता : घेतलं. इथे, पोलक्यात. आता माझ्या पोलक्यात हात घालायची हिंमत माझ्या नवऱ्यालाही नाही. ... कोण आलं? सेमीसी का?

लोसा : आत्या, त्याला नको सांगूस. तुझ्या पाया पडते. भाऊ आहे तो माझा.

माकेरिता : म्हणूनच सांगणार. हे मी पोटात ठेवणार नाही, तुला वाईट वाटलं तरी चालेल.

सेमीसी : कोणाचं पिल्लू हे? आत्या! तू कधी आलीस? अळकुड्या बघ केवढ्या निघाल्या आज. थांब, भाजायला टाकतो.

माकेरिता : ओझं उतरव आणि बस. इथे.

सेमीसी : इथे? ताई आहे तिथे. मी आपला बाहेरच्या खांबाशी बसतो.

माकेरिता : खांबाशी बस, पाठ करून बस, पण ऐकू येईल असा बस. सेमीसी, तुझ्या बहिणीला मरायचं होतं. आज संध्याकाळी.

सेमीसी : काय?

माकेरिता : ऐकलंस तू.

सेमीसी : हे... हे माझ्यासमोर नको, आत्या. बहीण आहे माझी. असलं बोलणं मी कसं... मी जातो. वाइओला आली की तिला सांग.

माकेरिता : उठलास तर याद राख. बहिणीसमोर थट्टा करायची नाही, बहिणीच्या अंथरुणाला हात लावायचा नाही, कबूल. मोठ्यांनी घालून दिलंय ते. पण तिचा जीव जात असताना खांबाआड बसून अदब पाळायची, हे कुणी घालून दिलेलं नाही.

सेमीसी : का पण? तिला विचार, का? आमचं काही चुकलं का? वाइओला काही बोलली का?

माकेरिता : तोंड आहे तिला. तूच विचार.

सेमीसी : ताई... आम्ही काही कमी केलं का?

लोसा : नाही रे. जास्त केलंत. तेच तर.

सेमीसी : म्हणजे?

लोसा : टास्मानियाच्या बागांचा मुकादम आला होता ना, गेल्या महिन्यात? सफरचंदं तोडायला माणसं न्यायला. मी पडल्या पडल्या ऐकत होते. तू म्हणालास, माझी बहीण आजारी आहे, तिला टाकून मी कसा येऊ. आधीच्या वर्षीही तेच म्हणालास. त्याच्या आधीही. फीलीपो गेला, त्याचं सिमेंटचं घर झालं. त्याची पोरं शहरातल्या शाळेत गेली. आणि तुझी पोरं माझ्या पायाला तेल चोळत बसलीत. मी नसते तर तू गेला असतास.

सेमीसी : ...

माकेरिता : बोल की. आता का वाचा बसली?

सेमीसी : आत्या, हे कसं सांगू मी.

माकेरिता : जसं जमेल तसं.

सेमीसी : मला जायचंच नव्हतं, ताई.

लोसा : मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस.

सेमीसी : देवाशप्पथ. पहिल्या वर्षी गेलो होतो ना, आठवतं? तू तेव्हा चांगली होतीस. सहा महिने. सकाळी झाडावर बर्फ, हात बधिर, आठ माणसं एका खोलीत, आणि खोलीला भिंती चारी बाजूंनी. मला रात्री श्वास घेता यायचा नाही. संध्याकाळ झाली की कुणी शंख वाजवायचं नाही. मी न्हाणीघरात जाऊन रडायचो, नळ सोडून. शपथ घेतली होती, परत म्हणून तिथे जायचं नाही. पण गावात येऊन असं कसं सांगू? पुरुषासारखा पुरुष, थंडीला घाबरला? फीलीपोने हसून हसून जीव घेतला असता. मग तू आजारी पडलीस.

लोसा : मग?

सेमीसी : मग मी सगळ्यांना सांगायला लागलो, ताई आजारी आहे. लोक म्हणायचे, काय भाऊ आहे! ... मी तुझ्या आजाराआड लपलो, ताई. मला काय माहीत तू ते मोजत बसली आहेस.

लोसा : म्हणजे मी वर्षभर ज्याने जळत होते...

सेमीसी : ते खोटं होतं. मी भित्रा आहे, एवढंच खरं.

माकेरिता : अरे गाढवा!

सेमीसी : हो.

माकेरिता : तू गाढव, ती गाढव, आणि बायकांना चटई दाखवत फिरणारी मी सगळ्यांत थोरली. काय घराणं आहे!

लोसा : ... नळ सोडून रडायचास?

सेमीसी : नाहीतर ऐकू गेलं असतं.

लोसा : मला एका पत्रात लिहिलं होतंस, इथली सफरचंदं फार गोड आहेत.

सेमीसी : गोड होती. ते खरं होतं.

लोसा : हसायला लावू नका मला. दुखतं छातीत. ... पण सेमीसी, ऐक. तू हे सांगितलंस म्हणून सगळं मिटलं असं समजू नकोस. बागांचं ओझं गेलं. बोटं तीच आहेत. उद्या सकाळी परत दुखणारच आहे. आणि तेव्हा मला परत तसंच वाटेल. मला माहितीये ना.

सेमीसी : मग मी काय करू? सांग. जे सांगशील ते.

लोसा : तेच मला माहीत नाही.

माकेरिता : मला एक गोष्ट माहितीये. लोसा, औषध घेतेस का?

लोसा : घेत होते.

माकेरिता : कधीपासून बंद आहे?

लोसा : ईस्टरपासून. त्या गोळ्यांनी दोन दोन दिवस उलट्या व्हायच्या. आणि पुढच्या मिळवायच्या तर बोटीने पलीकडच्या बेटावर जायचं, सेमीसीचा मजुरीचा दिवस बुडवायचा. मी वाइओलाला सांगितलं, डॉक्टरांनीच थांबवल्या.

सेमीसी : ताई!

लोसा : तूही खोटं बोललास, मीही बोलले. फिटंफाट.

माकेरिता : म्हणजे एवढे दिवस हे दुखणं नुसतं अंगावर काढतेयस? आणि वर विचारतेस जन्मभर म्हणजे किती? अगं, असं तर कुणालाही एक दिवस जन्मभराचा वाटेल. सेमीसी, फोन काढ. नर्सबाईंना लाव.

सेमीसी : आत्ता? शंख वाजायची वेळ झाली.

माकेरिता : लाव म्हटलं ना.

सेमीसी : हॅलो? सिस्टर, मी सेमीसी. मालाए गावातला... हो, लोसाचा भाऊ. नाही, पोरं बरी आहेत. नाही, डुकरांना लस नको. ताई... ताईला... आत्या, काय म्हणू?

माकेरिता : जे आहे ते म्हण.

सेमीसी : सिस्टर, माझ्या ताईला मरावंसं वाटतंय. ... हो. आज. ... नाही, एकटी नाही, आम्ही दोघं आहोत. ... हो, ते आत्याने काढून घेतलं. आत्याच्या पोलक्यात आहे. ... गोळ्या बंद केल्यात तिने. उलट्या व्हायच्या. ... हो. हो. ... ताई, सिस्टर म्हणतात, उलट्या न होणाऱ्याही गोळ्या आहेत. म्हणतात, आधी का नाही सांगितलंस. रागावलेल्या नाहीत. म्हणतात, मन असं बुडतं त्यावरही इलाज आहे, दुखण्यावर असतो तसाच. ... काय? ... विचारतायत, तुला त्यांच्याशी बोलायचंय का, की त्या आल्यावर बोलशील?

लोसा : येणार आहेत त्या?

सेमीसी : येताहेत. गाडी काढली म्हणे. सिस्टर, पण शंख वाजला की रस्त्यावर पोरं उभी असतील, गाडी अडवतील, गावाचा दंड बसेल... आत्या, त्या म्हणतात बसू दे. म्हणतात, दंडाचा बिस्किटांचा डबा मी तयारच ठेवलाय डिकीत.

माकेरिता : बाईमाणूस असावं तर असं. डबा मी भरीन म्हणावं. एक नाही, दोन.

सेमीसी : ठेवला त्यांनी. ... ताई, मी बोललो. तुझ्यासमोर, एवढ्या मोठ्याने. माफ कर.

लोसा : विचित्र वाटलं ऐकताना. माझ्या डोक्यात हे वाक्य केवढं मोठं होतं. तू म्हणालास तेव्हा चारच शब्दांचं झालं.

सेमीसी : आज रात्री मी इथे, ह्या खांबाशीच झोपतो.

माकेरिता : आणि मी हिच्या शेजारी. माझं घोरणं ऐकून मरावंसं वाटलं तर मला ढोसून उठव, आपण दोघी बसून राहू.

लोसा : मी वचन देणार नाही हं, आत्या. परत कधी असं वाटणार नाही, असलं.

माकेरिता : मागितलंय कुणी? वाटलं की सांग. एवढंच. मला सांग, ह्याला सांग, नर्सबाईंना सांग. उद्या सकाळी ही चटई पसरू. तू बस आणि तोंडाने सांग, मी विणते. चुकले की शिव्या दे. शिव्या द्यायला बोटं लागत नाहीत.

लोसा : तुझी वीण सैल असते.

माकेरिता : बघा! सुरुवात झालीसुद्धा.

(शंख वाजतो.)

सेमीसी : आत्या, तू अडकलीस आता.

माकेरिता : मी केव्हाच अडकले. चला, बसा नीट. सेमीसी, पडदे वरच असू दे. स्तोत्र कोण सुरू करणार?

सेमीसी : नेहमी ताई सुरू करते.

लोसा : आज नको. आज माझ्या घशातून निघणार नाही.

माकेरिता : मग आज मी करते. तुला जिथून सापडेल तिथून धर. नाही सापडलं तर नुसती बस.

सेमीसी : ते पिल्लू केवढं केकाटतंय. प्रार्थनेत कुणाला काही ऐकू यायचं नाही.

माकेरिता : भुकेलंय. सकाळपासून चाललंय माझ्याबरोबर.

सेमीसी : मग काहीतरी घाल ना त्याला.

माकेरिता : मी का घालू? माझं नाहीये ते. मी दिलं ते. आता ज्याचं आहे त्याने बघावं.

सेमीसी : ताई? नसेल घ्यायचं तर मी ठेवतो आपला बाहेर...

लोसा : चुलीपाशी नीरफणसाची सालं आहेत. ती घाल. ... किती रोडकं आणलंस गं, आत्या! पोरांच्या सणाला, पांढऱ्या रविवारी, पानात वाढायचं तर ऑक्टोबरपर्यंत रोज खाऊ घालावं लागेल मला.